मुलीचं भजन बंद करू का?

पत्राचा सारांश (नाव-गाव गाळून): फोंडा तालुक्यातल्या एका आईने लिहिलं आहे. मुलगी चौदा वर्षांची, नववीत. यंदा शाळा सुरू झाल्यापासून सकाळी पोटात दुखतं, न्याहारी जात नाही, बस यायच्या वेळी रडू येतं. आधी मराठीची तोंडी परीक्षा चुकवली, मग तोंडी असलेला प्रत्येक दिवस, आता बहुतेक सोमवार. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. आजीला गेल्या वर्षी पक्षाघाताचा हलका झटका आला. तेव्हापासून मुलगी आजीच्या खोलीत झोपते, तिच्या गोळ्या तीच देते, आणि दिवसातून कितीदा तरी विचारते, "आजीला काही होणार नाही ना?" चार वर्षांपासून ती गावच्या बालभजनी पथकात आहे, पेटी वाजवते आणि गाते. हल्ली तिथेही मागच्या रांगेत बसते. शिकवणीचे सर म्हणतात, दहावी होईपर्यंत भजन बंद करा, ताण कमी होईल. मामा म्हणतात, पणजीतल्या दहा दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात घाला, आत्मविश्वास आला की भीती आपोआप जाईल. आई विचारते: कुणाचं ऐकू? की हे वयच असं असतं? आणि पथकाच्या बुवांना यातलं काही सांगावं का?

ताई, उत्तर आधी सांगणं बरं. भजन बंद करू नका. शिबिराचे पैसे आत्ता भरू नका. काही कमी करायचंच असेल तर शिकवणीतला एक विषय कमी करा, आणि आजीच्या गोळ्यांची जबाबदारी मुलीकडून काढून घ्या. या सगळ्याआधी पोटदुखीसाठी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. आता यामागची कारणं सविस्तर सांगायला हवीत, कारण ती मनाला पटली नाहीत तर परीक्षा तोंडावर आली की तुमचा निर्णय डळमळेल.

शिकवणीच्या सरांचा हिशेब सरळ आहे. मुलीच्या डोक्यावर शाळा, शिकवणी, आजी आणि भजन अशी चार ओझी आहेत, त्यातलं एक उतरवलं की तीन राहतील. अंगाच्या थकव्याला हा हिशेब लागू पडतो, चिंतेला पडत नाही. चिंता पोसली जाते ती टाळण्यावर. ज्याची भीती वाटते ते टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं होतं, पोटातली कळ थांबते, आणि मेंदू त्यातून एवढंच शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते आणि आणखी जागा व्यापते. तुमच्या पत्रातला क्रमच पाहा: एक तोंडी परीक्षा, मग सगळ्या तोंडी, मग सोमवार, मग भजनात पुढची रांग. भजन बंद करणं ही त्याच साखळीतली पुढची कडी होईल, आणि ती तुमच्या हातून जोडली जाईल.

शिवाय ही चार ओझी एका जातीची नाहीत. इलिनॉय विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रीड लार्सन यांनी २००० साली एक गोष्ट मांडली, ती आपल्याकडच्या प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. मुलं वर्गात असतात तेव्हा त्यांना लक्ष द्यावं लागतं, पण मन रमत नाही. मित्रमैत्रिणींत असतात तेव्हा मन रमतं, पण लक्ष एकवटावं लागत नाही. दोन्ही एकदम घडतं ते स्वतःहून निवडलेल्या, शिस्तीच्या कामात: खेळ, संगीत, नाटक. एखादी गोष्ट मनात धरायची, अडली तर वाट काढायची, आठवडे न् महिने तिच्यामागे लागायचं, ही सवय मुलांना लागते ती मुख्यतः इथे. तुमची मुलगी चार वर्षं पेटीवर बसते आहे. गौळणीची चाल बसेपर्यंत तीच ओळ दहादा घासते आहे. तिच्या दिवसातला हा एकच भाग असा आहे जिथे ती अवघड काम आपणहून करते. गोव्यातल्या बहुतेक शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात, मग दुपार-संध्याकाळ शिकवणीने भरते. त्यात आठवड्याचे दोन सराव काढून टाकले तर उरलेला वेळ अभ्यासात जाईल, असं सर धरून चालतात. चिंता असलेल्या मुलांच्या बाबतीत तो वेळ बहुतेकदा अंथरुणावर पडून, फोन हातात घेऊन, उद्याचा विचार करण्यात जातो.

"हे वयच असं असतं" हे वाक्य तुम्हाला घरातल्या मोठ्यांनी सांगितलं असणार. पौगंडावस्था म्हणजे वादळ, हा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांच्या १९०४ सालच्या ग्रंथापासून चांगलाच रुजला, आणि त्यामुळे जवळपास शतकभर किशोरवयीन मुलांकडे 'काय बिघडेल' याच नजरेने पाहिलं गेलं. १९९० नंतर काही अभ्यासकांनी प्रश्न उलटा केला: या वयात काय घडवता येतं? त्यातून जी विचारधारा उभी राहिली तिला सकारात्मक युवा विकास म्हणतात. टफ्ट्स विद्यापीठातले रिचर्ड लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून अमेरिकेतल्या ४२ राज्यांतल्या सुमारे ७००० मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मुलांमधल्या पाच गोष्टी ते मोजत होते: काही नीट करता येणं, स्वतःविषयी विश्वास, माणसांशी घट्ट नातं, चारित्र्य, आणि दुसऱ्यांविषयी कळवळा. या पाच जुळून आल्या की मूल आपल्या घराला, गावाला काही देऊ लागतं, ही सहावी.

मामांनी यातला 'आत्मविश्वास' तेवढा उचलला आहे. त्यांचा जीव भाचीवर आहे हे पत्रातून कळतं, पण शिबिराच्या जाहिरातीत जे लिहिलेलं असतं त्याला या संशोधनाचा आधार नाही. लर्नर यांच्या मांडणीत मुलांना खरोखर उपयोगी पडणाऱ्या उपक्रमाची तीन लक्षणं आहेत: एका मोठ्या माणसाशी किमान वर्षभर टिकणारं चांगलं नातं, कौशल्य शिकवणारं काम, आणि त्यात भाग घेण्याची, पुढाकार घेण्याची खरी संधी. दहा दिवसांच्या शिबिरात पहिलं लक्षण बसूच शकत नाही. तिसरं नावापुरतं असतं, कारण अनोळखी चाळीस मुलांसमोर माइक हातात देऊन 'बोल' म्हणणं ही पुढाकाराची संधी नव्हे. तोंडी परीक्षेला घाबरणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी मंचावर उभं केलं, ती अडखळली आणि दुसऱ्या दिवशी गेली नाही, तर तिची भीती खरी ठरली असं तिला वाटेल. भीती आधी जात नाही. माणूस भीतीसकट छोटी गोष्ट करतो, ती निभावते, मग विश्वास बसतो. मामांना मदत करायचीच असेल तर त्यांनी सरावाच्या दिवशी तिला पोचवून आणावं. वडील लांब असताना ही मदत लहान नाही.

तुमच्या गावच्या पथकात तिन्ही लक्षणं आहेत. बुवा तिला चार वर्षं ओळखतात. अभंग, गौळण, गजर या क्रमाने शिकायला काहीतरी असतं. आणि पेटी वाजली नाही तर खरंच अडतं, म्हणजे तिची तिथे गरज आहे. ही गरज मुलांना फार लवकर कळते आणि फार धीर देते.

आता थोडी सावधगिरी. ज्या मुलांमध्ये या पाच गोष्टी जास्त, त्यांच्यात चिंता कमी, असं सर्वसाधारणपणे दिसतं, विशेषतः आत्मविश्वास आणि नातं या दोन बाबतींत. पण यावरून भजन हे चिंतेवरचं औषध आहे असं म्हणता येणार नाही. चिंता असलेली मुलं पथकं, संघ सोडून देतात, म्हणून उरलेली मुलं निश्चिंत दिसतात, असंही असू शकतं. लर्नर यांच्याच अभ्यासात असंही आढळलं की विकास आणि अडचणी काही मुलांमध्ये एकाच वेळी वाढतात. हुशार, गुणी, सगळ्यांच्या उपयोगी पडणारी मुलगी आतून घाबरलेली असू शकते.

आणि कळवळ्याचं तर वेगळंच आहे. तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची जागा हीच वाटली. अमेरिकेतल्या आणि नॉर्वेतल्या किशोरवयीनांच्या अभ्यासांत आत्मविश्वास, नातं यांसारख्या गोष्टी कमी चिंतेशी जोडलेल्या निघाल्या, पण कळवळा उलट बाजूला गेला: ज्यांना दुसऱ्याचं दुःख जास्त लागतं, त्यांच्यात चिंताही जास्त. याचा अर्थ मुलांना निष्ठुर करावं असा नाही. दुसऱ्याचं दुखणं पाहून हलणं आणि त्याचा भार स्वतःवर घेणं यातली रेघ चौदाव्या वर्षी आखता येत नाही. ती मोठ्यांनी आखून द्यायची असते.

तुमच्या घरात काय झालं ते पाहा. आजीला झटका आला, वडील समुद्रावर, आणि मुलगी आपणहून आजीच्या खोलीत झोपायला गेली. सगळ्यांनी कौतुक केलं असेल, करायलाच हवं. पण त्या दिवसापासून आजीच्या जिवाची पहारेकरी ती झाली. रात्री आजीने कूस बदलली तरी तिला जाग येत असणार. सकाळी शाळेला निघायचं म्हणजे पहारा सोडायचा. पोटदुखीचं मूळ तोंडी परीक्षेत आहे असं सगळे धरून चालले आहेत. माझा अंदाज असा की निम्मं मूळ आजीच्या खाटेपाशी आहे, आणि तसं असेल तर भजन बंद करून काहीच साधणार नाही.

म्हणून गोळ्या उद्यापासून तुम्ही द्या. आठवड्याच्या खणांची प्लास्टिकची डबी औषधांच्या दुकानात मिळते, ती रविवारी तुम्ही भरा. मुलीकडून काम एकदम हिसकावू नका, नाहीतर तिला वाटेल की आपलं काही चुकलं. तिला आजीसाठी ठरावीक वेळेचं, संपणारं एक काम द्या: संध्याकाळी पंधरा मिनिटं पेपर वाचून दाखवणं, किंवा डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायाम दहा वेळा करून घेणं. काम झालं की झालं. झोपायला तिला पंधरा दिवसांत टप्प्याटप्प्याने तिच्या जागी आणा, आणि आजीच्या उशाशी बिनतारी घंटा ठेवा, तिचा आवाज तुमच्या खोलीत यावा. आजीला पुन्हा झटका आला तर काय करायचं हे मुलीला एकदाच नीट सांगा: चेहरा एका बाजूला लोंबला, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन, आणि तो फोन करणं घरातल्या मोठ्यांचं काम.

डॉक्टरांविषयी. बालरोगतज्ज्ञांकडे किंवा फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात एकदा तपासून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहायला सांगा, कारण या दोन्हींतल्या बिघाडाने धडधड आणि घाबरं होणं येऊ शकतं. सुट्टीच्या दिवशी पोट दुखत नाही, शाळेच्या दिवशी बस गेल्यावर थांबतं, ही चिंतेची खूण आहे. पण दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, वारंवार उलट्या किंवा ताप असेल, तर ते चिंतेच्या खात्यात टाकू नका. तपासण्या चांगल्या आल्या की तिथे थांबा. दर महिन्याला नवी सोनोग्राफी केली तर 'काहीतरी आहे, सापडत नाही' ही भीती पक्की होते. आणि दुखणं खोटं आहे असं चुकूनही म्हणू नका. चिंतेने होणारी पोटदुखी खरोखर दुखते.

नेहमीची काळजी आणि उपचार लागणारी चिंता यांतला फरक तिच्या बोलण्यावरून कळणार नाही, दिवस कसा जातो त्यावरून कळेल. आठवडे उलटले तरी टाळाटाळ वाढतच आहे, शाळा बुडते आहे, झोप आणि खाणं बिघडलं आहे, तर समुपदेशकाची वेळ आलेली आहे. तुमच्या पत्रावरून ती आली आहे असं मला वाटतं. गोव्यातल्या अनेक शाळांत समुपदेशक नेमलेले आहेत, वर्गशिक्षिकेला विचारा. पुढची पायरी म्हणजे बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तणूक संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. तिच्या नावाला लोक अजून बिचकतात. बिचकू नका, किशोरवयीन मुलीला तिथे नेणं म्हणजे तिच्यावर शिक्का मारणं नव्हे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, पहिला सल्ला तिथूनही घेता येतो. मुलगी जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, स्वतःला इजा करू लागली, तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

उपचार होतो का, ही शंका मनात असेल तर एक मोठी चाचणी सांगण्यासारखी आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ७ ते १७ वयाच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवरच्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर, विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने ६० टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा झाली, औषधाने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के, आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीने २४ टक्के. म्हणजे उपचार घेतलेल्या निम्म्याहून अधिक मुलांत सुधारणा होते, आणि आपोआप बरी होण्याची वाट पाहणं हा सर्वांत कमकुवत पर्याय आहे.

या उपचाराचा गाभा म्हणजे भीतीच्या पायऱ्या. समुपदेशकाची वेळ मिळेपर्यंत घरी सुरुवात करता येईल, आणि इथेच भजन कामाला येतं, कारण तिथे भीती आहे पण गोडीही आहे. कागदावर तिच्याच हाताने यादी करू द्या, प्रत्येक गोष्टीपुढे भीतीचा आकडा ० ते १०, तोही तिनेच घालायचा. उदाहरणार्थ: घरी एकटीने पेटीवर गौळणीचं एक कडवं म्हणून फोनवर रेकॉर्ड करणं आणि स्वतः ऐकणं, २. तेच आजीसमोर म्हणणं, ३. रेकॉर्डिंग पथकातल्या दोन मैत्रिणींना पाठवणं, ४. सरावात पुढच्या रांगेत बसून नुसती साथ, ५. सरावात एक कडवं एकटीने उचलणं, ६. तेच देवळातल्या भजनाला, लोकांसमोर, ८. शाळेसाठी दुसरी यादी: शिक्षिकेने आदल्या दिवशी सांगून ठेवलेल्या प्रश्नाचं जागेवर बसून एका वाक्यात उत्तर, मग उभं राहून, मग न सांगता विचारलेला प्रश्न, मग मधल्या सुट्टीत एकट्या शिक्षिकेपुढे तोंडी, शेवटी वर्गात तोंडी.

सुरुवात ३ किंवा ४ पासून. तीच पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा, आकडा साधारण निम्म्यावर येईपर्यंत, मग पुढची. दर वेळी आधी एक ओळ लिहायची, 'काय होईल असं वाटतं', आणि नंतर एक ओळ, 'काय झालं'. "सूर चुकला तर सगळ्या हसतील." "सूर चुकला. बुवांनी पुन्हा घ्यायला सांगितलं. कुणी हसलं नाही." या दोन ओळींमधलं अंतर तिला स्वतःच्या अक्षरात दिसलं की तुमच्या दहा समजावण्यांपेक्षा जास्त काम होतं.

हे बहुतेक घरांत का फसतं तेही सांगतो. पायरी मोठी ठेवली जाते, ३ वरून थेट ८. किंवा आठवड्यातून एकदाच केली जाते, मग दर वेळी नव्याने भीती. किंवा लपूनछपून टाळणं चालू राहतं: ती पुढच्या रांगेत बसते पण ओठ नुसते हलवते, किंवा आई दाराशी उभी असेल तरच गाते. अशा वेळी पायरी तीच ठेवून कुबडी तेवढी काढायची: आज आई देवळाच्या पायऱ्यांवर, परवा रस्त्यावर, पुढच्या खेपेला घरी. आणि कौतुक गाण्याचं नको, गेल्याचं करा. "छान गायलीस" म्हटलं की पुढच्या वेळी छान गाण्याची जबाबदारी येते. "पोटात गोळा असताना गेलीस" हे पुरे.

आता तुमच्या वाटणीचं काम, आणि ते कदाचित सर्वांत कठीण. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवलं की मुलाला हात न लावता फक्त आईवडिलांना त्यांचं स्वतःचं वागणं बदलायला शिकवलं, तरी चिंता असलेल्या मुलांत थेट उपचाराइतकाच फरक पडतो. बदलायचं काय? मुलाच्या चिंतेला आपण नकळत जी सवलत देतो ती. तुम्ही देत असलेल्या सवलती आठवडाभर वहीत टिपा: किती वेळा "आजीला काही होणार नाही" म्हणालात, किती चिठ्ठ्या शाळेत पाठवल्या, तिच्याऐवजी दुकानात, फोनवर, पाहुण्यांशी किती वेळा बोललात. यांतली एकच निवडा. मी म्हणेन, आजीचा प्रश्न निवडा. एखाद्या शांत संध्याकाळी तिला सांगा की यापुढे या प्रश्नाचं उत्तर मी दिवसातून एकदा देईन. नंतर ती विचारेल तेव्हा एवढंच: "तुला भीती वाटतेय, मला कळतंय. आणि ही भीती तुला निभावता येईल, याची मला खात्री आहे." दोन्ही वाक्यं हवीत. पहिलं एकटं म्हटलं तर भीती खरी ठरते, दुसरं एकटं म्हटलं तर तिला कुणी ऐकलंच नाही असं होतं. पहिल्या आठवड्यात प्रश्न वाढतील, ती रडेल, चिडेल. इथेच बहुतेक आया हार मानतात, म्हणून आधीच सांगतो: वाढणं अपेक्षित आहे, साधारण दोन-तीन आठवडे टिकून राहा. बोटीवरून वडिलांचा फोन येतो तेव्हा त्यांनीही हीच दोन वाक्यं म्हणावीत. नाहीतर प्रश्न तिकडे वळेल.

सकाळसाठी नियम एकच आणि आदल्या रात्री ठरलेला: ताप, उलटी किंवा जुलाब असेल तर घरी, नुसतं पोट दुखत असेल तर शाळा. न्याहारी जात नसेल तर अर्धी पोळी किंवा केळं डब्यात. शाळेत फार दुखलं तर कार्यालयात दहा मिनिटं बसून परत वर्गात, घरी फोन नाही. हे वर्गशिक्षिकेशी आधी बोलून ठेवा. दिवस बुडालाच तर शाळेच्या वेळात फोन आणि टीव्ही बंद, शिक्षेच्या सुरात नव्हे, साधा नियम म्हणून. पूर्ण दिवस जमत नसेल तर पहिले तीन तास तरी. सोमवार अवघड जातो कारण रविवारी रात्री झोप होत नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. बस सातला असेल तर साडेनऊला दिवा बंद, फोन स्वयंपाकघरात, संध्याकाळनंतर चहा नाही. तोंडी परीक्षा माफ करून घेऊ नका. शिक्षिकेकडे माफीऐवजी वरची पायऱ्यांची यादी घेऊन जा. बहुतेक शिक्षिका आनंदाने साथ देतात, त्यांना नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं एवढंच.

बुवांना सांगा, पण मुलीला विचारून, आणि तिला चालेल तेवढंच. "तिला सध्या लोकांसमोर गायला भीती वाटते. तिला वगळू नका आणि पुढेही ढकलू नका. ती यादी घेऊन येईल, तेवढं करू द्या." इतकं पुरे. आजीची, वडिलांची कहाणी त्यांना नको. चवथीच्या आरत्यांना किंवा कला अकादमीच्या भजनी स्पर्धेला पथक उतरणार असेल, तर तिची जागा तिनेच ठरवावी, पेटी की गाणं, आणि ती महिनाभर आधी ठरावी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी 'तूच गा' असं होता कामा नये. बुवा रागीट असतील, चुकल्यावर सगळ्यांसमोर बोलत असतील, तर मात्र माझं मत बदलेल: भजन चालू, पथक दुसरं. संगीतात गुण नाही, माणसात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या बिहारमधल्या एका मोठ्या शालेय प्रयोगात, ज्यामागे १९९६ साली गोव्यात सुरू झालेली 'संगाथ' ही संस्था होती, हेच दिसलं. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठीचा एकच कार्यक्रम, प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलेल्या साध्या माणसांनी चालवला तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांची उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवला तिथे फरक पडला नाही.

ज्यांच्या मुलांना असं पथक नाही, अशाही पुष्कळ पालकांची पत्रं येतात. त्यांच्यासाठी निवडीची रीत सांगतो. फी आणि बक्षिसं नंतर विचारा. आधी एक सराव पूर्ण बसून पाहा, मग तो फुटबॉलचा असो, घुमटवादनाचा असो की नाटकाचा. शिकवणारा माणूस गेली किती वर्षं तिथे आहे? मूल चुकलं तेव्हा तो काय करतो? मोठी मुलं लहानांना काही शिकवतात का, की सगळं एकट्या गुरूच्या हातात? आणि मुलाला आवडलं नाही तर तीन महिन्यांनी सोडता येतं का? शेवटचं महत्त्वाचं, कारण सक्तीने घातलेल्या वर्गात लार्सन म्हणतात ती गोडी उगवत नाही. तीन पर्याय समोर ठेवा, त्यातला एक मुलाला निवडू द्या, आणि आठवड्याला दोन दिवसांपेक्षा जास्त नको. चिंता असलेलं मूल पहिल्या चार-पाच खेपांना नको म्हणेल. तेव्हा लगेच काढू नका. आधी ठरलेल्या तीन महिन्यांपर्यंत जायचं, मग त्याचा निर्णय, आणि तो 'नको' असला तर तो मान्य करायचा.